माउस न वापरता, केवळ आज्ञा टाइप करून संगणक चालवायला कसे शिकावे? सगळ्या आज्ञा पाठ कराव्या लागतात का?

पाठ कराव्या लागत नाहीत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मी रोज फार तर सात-आठ आज्ञा वापरतो आणि एखादी आठवली नाही, तर तिच्या नावापुढे जागा सोडून /? टाइप करतो; तिची माहिती लगेच पडद्यावर येते. पाठांतरापेक्षा एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. एंटर दाबण्यापूर्वी आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत आणि ही आज्ञा नेमक्या कोणत्या फाइलींवर चालणार आहे, हे दर वेळी पाहून घ्यावे.

आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात, लहान किंवा मोठ्या कशाही. येथे मी त्यांचे उच्चार देतो. आपण कुठे आहोत ते > या चिन्हाआधीच्या मार्गावरून, म्हणजे ड्राइव्ह आणि फोल्डरांच्या ओळीने लिहिलेल्या नावांवरून, कळते. 'सीडी' आणि फोल्डरचे नाव दिले की आपण त्या फोल्डरमध्ये जातो, 'सीडी ..' दिले की एक पायरी वर येतो. नवशिके बहुतेक वेळा एका ठिकाणी अडतात: सी ड्राइव्हवर असताना 'सीडी'पुढे डी ड्राइव्हवरचा मार्ग दिला, तरी आपण सी ड्राइव्हवरच राहतो. त्यासाठी आधी नुसते 'डी:' टाइप करावे किंवा 'सीडी'ला '/डी' जोडावे. मार्गातली तिरपी रेघ उलटी का, असाही प्रश्न पडतो. विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली एमएस-डॉस हिच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले, तेव्हा सरळ रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती, म्हणून मार्गासाठी उलटी रेघ घेतली गेली.

'डीआयआर' ही आज्ञा फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवते. नवीन फोल्डरसाठी 'एमडी', नाव बदलण्यासाठी 'रेन' आणि प्रत काढण्यासाठी 'कॉपी' या आज्ञा एकेका दिवसात हाताखालच्या होतात. नाव अर्धे टाइप करून टॅब दाबले तर उरलेले आपोआप पूर्ण होते, वरच्या बाणाने आधीची आज्ञा परत येते आणि चाललेले काम कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून थांबवता येते.

फाइल पुसणारी 'डेल' मात्र सावकाश शिकावी, कारण तिने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. 'डेल *.टीएमपी' असे लिहिले, तर त्या फोल्डरमधल्या टीएमपी शेपटीच्या सगळ्या फाइली काहीही न विचारता जातात. मी एकदा चुकीच्या फोल्डरमध्ये उभा राहून अशीच आज्ञा दिली आणि कित्येक दिवसांचे टिपण गमावले. तेव्हापासून 'डेल' देण्याआधी मी तोच नमुना 'डीआयआर'ला देतो, यादी शेवटपर्यंत वाचतो, मग वरचा बाण दाबून फक्त आज्ञेचे नाव बदलतो. कधीकधी ही यादी खरोखर चकित करते: ड्राइव्हवर जुन्या पद्धतीची आखूड नावे राखली जात असतील, तर '*.एचटीएम' या नमुन्यात एचटीएमएल शेपटीच्या फाइलीही येतात, कारण त्यांच्या आखूड नावांची शेपटी तीनच अक्षरांची असते.

नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. 'डेल जुनी यादी.टीएक्सटी' असे अवतरणाविना लिहिले, तर संगणक त्यात दोन नावे वाचतो आणि 'यादी.टीएक्सटी' नावाची दुसरीच फाइल तेथे असेल तर ती पुसून टाकतो. एकेका फाइलीसाठी विचारून घ्यायचे असेल, तर 'डेल'ला '/पी' जोडता येते.

सरावासाठी एक वेगळा फोल्डर करून त्यात काही फाइलींच्या प्रती ठेवाव्यात आणि पहिले काही दिवस त्याबाहेर 'डेल' वापरू नये. पुढे विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीकडे वळलात तर 'डीआयआर'च्या जागी 'एलएस' आणि 'डेल'च्या जागी 'आरएम' येते, फाइलींच्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळावा लागतो आणि पुसण्याआधी तोच नमुना 'एलएस'ला देऊन पाहण्याची सवय तेथेही तितकीच उपयोगी पडते.