बाथरूमच्या नूतनीकरणात एक्झॉस्ट फॅन कोणता आणि कुठे बसवावा?

समजा, आपले नाशिकमधील बाथरूम ५ × ८ फुटांचे आहे. छत ९ फूट धरल्यास आत ३६० घनफूट हवा असते. ती तासाला ८ वेळा बदलायची, तर ताशी साधारण ८२ घनमीटर हवा बाहेर जायला हवी. भिंतीतून थेट बाहेर हवा सोडणारा ६ इंची फॅन एवढे काम सहज करतो, मात्र लांब पाइपातून हवा न्यायची असल्यास पात्यांचा साधा फॅन दमतो आणि डक्टसाठीचा वेगळा फॅन घ्यावा लागतो.

फॅन दारासमोरच्या भिंतीत, शॉवरजवळ पण पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर बसवावा आणि दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवावी, कारण बाहेरची हवा आत येणारच नसेल तर फॅन नुसताच घरघरत राहतो. पावसाळ्यात इथे पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन येतो. फॅनचे तोंड त्या बाजूला येत असेल, तर आपोआप मिटणारे शटर असलेलाच घ्यावा आणि भोकाला बाहेरच्या अंगाला किंचित उतार द्यावा.

भोक आणि अर्थिंगसह वायरिंग टाइल्स लावण्यापूर्वीच करून घ्यावे, स्विच बाथरूमबाहेर ठेवावा.

गॅस गिझर आत असेल, तर तो बाहेर हलवावा. फॅन आहे म्हणून गिझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका टळत नाही.