पांढरा धूर येतोय? पंप एवढ्यात उतरवू नका

प्रश्न : आमचा तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर गेल्या पावसापासून मिसिंग मारतोय, म्हणजे ठोके चुकवतोय. सकाळी चालू केला की एका लयीत थडथडतो, पांढरा धूर सोडतो, डोळे चुरचुरतात. तापल्यावर धूर कमी होतो, पण चिखलणीला घातला की दम सोडतो. डिझेल फिल्टर बदलून झाले. मिस्त्री म्हणतात, डिझेल पंप उतरवून कल्याणला न्यावा लागेल. काका, लावणी तोंडावर आली आहे. काय करू?
— एक शेतकरी, सरळगाव, ता. मुरबाड

उत्तर : दादा, पंप तूर्त जागेवरच राहू द्या. डोळे चुरचुरतात हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, ते फार कामाचं आहे. असा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे पंप डिझेल पाठवतोय, ते सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त तिथे पेटत नाही. हेड गॅसकेटमधून (इंजिनच्या हेडखालच्या सीलमधून) पाणी आत जात असतं तरी धूर पांढराच दिसला असता, पण डोळ्यांना इतका झोंबला नसता आणि रेडिएटरचं पाणी उतरत राहिलं असतं. तेवढं एकदा बघून घ्या.

थडथड एका लयीत आहे, त्यामुळे माझा संशय एकाच सिलिंडरवर आहे. तो कुठला, हे घरच्या अंगणात कळतं. इंजिन स्लोवर ठेवा. पहिल्या नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) येणाऱ्या पाइपचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करा, आवाज ऐका, पुन्हा आवळा. मग दुसरा, मग तिसरा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज लगेच बसतो. ज्याचा नट सैल करूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याच वेळी नटातून डिझेल उसळतंय का, तेही पाहा. इतर दोन्हींसारखं उसळत असेल, तर पंपावरचा संशय बराचसा मिटला. तिथे अगदीच थेंबथेंब येत असेल, तरच तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं धरून चाला.

हे करताना नटावर जाड फडकं टाका आणि बोट लावून गळती शोधू नका. कळकळीने सांगतो, त्या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत हात सडू लागतो. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका, तडक दवाखाना गाठा.

सिलिंडर सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचं इकडे. तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने पुन्हा नीट बसत नाहीत. मिसिंग नोझलबरोबर तिकडे गेलं, तर दोष नोझलचाच. ते टेस्टिंग मशीनवर तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब गळता कामा नये. खर्च पंपाच्या मानाने बराच कमी.

मिसिंग जागचं हललं नाही, तर कॉम्प्रेशन बघावं लागेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, तापते आणि तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. हा दाब कुठे निसटला तर थंड इंजिनात ते पेटत नाही. तुमच्याकडे सकाळी त्रास जास्त होतो आणि तापल्यावर कमी, हे याच्याशीही जुळतं. पण लगेच हेड उतरवायची घाई नको. आधी टॅपेट कव्हर काढून, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटमधली फट गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजा. व्हॉल्व्हला फटच उरली नसेल तर तो पुरता मिटत नाही आणि तिथूनच दाब जातो. फट किती हवी ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. दुसऱ्याचा आकडा वापरू नका. टॅपेट बरोबर निघाले आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीचं) काम दिसतं. ते लावणी उरकल्यावर काढा, दोन सिलिंडरवर चिखलणी रेटत राहू नका. तोवर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेतलेला परवडेल.

फिल्टर बदललात ते बरंच केलंत. एवढंच बघा, डिझेलचं पिंप पावसात उघड्यावर राहत नाही ना? आपल्याकडच्या पावसात झाकणाच्या फटीतूनही पाणी उतरतं. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. मग टाकी धुऊन, सिस्टीममधली हवा काढून, त्यानंतरच वरच्या तपासणीला लागा.