नव्वदपैकी सात दिवस उरलेत

ठाण्यातल्या कोलशेतच्या वाचकाचे पत्र आहे. खाडीकाठी बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहताहेत. पायासाठी खणलेली काळी, उग्र वासाची माती रात्री डंपरने तिवरांत, म्हणजे खारफुटीत, टाकली जाते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीत त्या मातीबद्दल एक अक्षर नाही. "आता कोर्टात जाता येईल का?" हाच प्रश्न मला खाडीकाठच्या किती जणांनी विचारला असेल!

माझी नजर पत्राला जोडलेल्या कात्रणावर अडली. मंजुरीची ती जाहिरात 11 एप्रिलची. तारीख तुम्हीच निळ्या पेनाने कोपऱ्यात घातली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010, कलम 16 : मंजुरी कळल्यापासून 30 दिवसांत अपील. पुरेसे कारण दाखवले तर आणखी 60. त्यापुढे एक दिवसही वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. म्हणजे सगळे मिळून 90 दिवस, 10 जुलैपर्यंत. आज 3 जुलै आहे.

त्यातही एक मेख आहे. मंजुरी पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवरही चढते, महापालिकेच्या फलकावरही लागते. यांतली सर्वांत आधीची तारीख धरली जाते. पोर्टलवर 7 एप्रिल दिसली, तर तुमचा शेवटचा दिवस 6 जुलै. आज रात्रीच बघा.

कात्रण जपून ठेवलेत आणि तीन महिने निवेदने देत फिरलात : महापालिका, जिल्हाधिकारी, आमदार. पोचपावत्यांची फाइल भरली, पण निवेदनाने मुदत थांबत नाही. मला याचा राग येतो, कारण तुमची बाजू भक्कम आहे. 30 दिवस उलटल्याचे कारण द्यायच्या विलंबमाफीच्या अर्जात या पावत्यांवर भिस्त ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत आई रुग्णालयात होती असे लिहिलेत, तिचे डिस्चार्ज कार्ड जोडा.

उद्याच न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात काम करणारा वकील गाठा. अपिलाचा गाभा मातीच ठेवा : कारखान्यात काय बनत होते आणि माती-भूजल न तपासता मंजुरी दिली कशी. दूषित जागांबद्दलच्या 2025 च्या नियमांचा आधार घेता येईल, किती टिकेल ते कागद पाहूनच कळेल. सीआरझेडबद्दल (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) नकाशा पाहिल्याशिवाय बोलत नाही. तिवरांतल्या भरावाची तक्रार वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने खारफुटीभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. ती तक्रार वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि प्रदूषण मंडळाकडे आजच द्या. पण तिने टॉवर थांबेल असे समजू नका.

स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या, नंतर नको. तारखांवर तारखा पडतात, तोवर दहा मजले चढतात आणि मग ते पाडायला सांगायला कोणी धजावत नाही. मातीचा नमुना स्वतः उचलू नका, मंडळाकडे लेखी मागणी करा. फोटो मात्र आज रात्रीच काढा, डंपरच्या नंबरासकट.