डबा बदलायच्या आधी

अगं, बाळाच्या शीची, वजनाची काळजी वाटते म्हणून आठवड्यात दोनदा त्याच्या दुधाची पावडर (फॉर्म्युला) बदललीस तर कशाचा काय परिणाम झाला ते कळणार तरी कसं? डॉक्टरांनी सांगितलेली एकच धर आणि थोडे दिवस दे.

वरच्या दुधावरच्या बाळाची शी घट्ट आणि उग्र वासाची असते, लोहामुळे हिरवटही दिसते. आईच्या दुधातल्या खास साखरांवर आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे चांगले जिवाणू, पोसतात. काही डब्यांत त्यासाठी जीओएस-एफओएस, म्हणजे या जिवाणूंना पोसणारे तंतू, घालतात. त्याने शी मऊ होते, एवढंच. महाग डबा म्हणजे जास्त वाढ, असं नाही. जास्त प्रथिनांच्या फॉर्म्युल्याने वजन भराभर वाढतं, पण गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे.

खरी गडबड मापात होते. आधी पाणी, मग पावडर. चमचा सुरीने सपाट कर, दाबून भरू नकोस. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापर, मग बाटली नळाखाली धरून कोमट कर. ‘पातळ कर, पचेल’ असं घरात कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस, त्यानेच वजन अडतं. पहिले तीन महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ पुरे.

शीत रक्त किंवा हिरवी उलटी दिसली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे पळ.