इंग्लिश 'वेअर'ला जपानीत एकच शब्द का नाही? 'कुत्सु ओ किरु' (बूट घालणे) लिहिलं तर सर चूक देतात. नॅचरल कसं लिहायचं?

सर बरोबर आहेत, बुटांना किरु चालतच नाही. क्रियापद कपड्यावर आणि तो अंगावर कुठे जातो त्यावर ठरतं. शर्ट, कोट, किमोनो, वनपीस म्हणजे वरच्या अंगाचं किंवा अख्ख्या अंगाचं असेल तर किरु, कमरेखालचं म्हणजे पँट, स्कर्ट, मोजे, बूट हे सगळं हाकु (बुटांचा आणि पँटचा हाकु कांजीत म्हणजे चिनी चित्राक्षरांत वेगळा लिहितात, पण बरेच जण सरळ हिरागानातच म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या साध्या लिपीत लिहितात), टोपी नि हेल्मेट काबुरु, चष्मा काकेरु, टाय शिमेरु, अंगठी हामेरु, परफ्यूम त्सुकेरु. घड्याळ, मास्क असल्या गोष्टींना साधं 'सुरु' (जपानीत 'करणे') म्हटलं तरी कोणी हसत नाही. हातमोज्यांना हामेरु, पण होक्काइदोत लोक त्यांनाही हाकु म्हणतात, तेव्हा तिकडचं कोणी तसं बोललं तर लगेच चूक काढू नका.

खरं सांगू का, हे आपल्याला एवढं अवघड वाटायला नको. साडी नेसतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, बांगड्या भरतो, आपल्याकडे तरी एकच शब्द कुठे आहे. मी वाक्य आधी मराठीत मनात म्हणून बघते, फक्त 'घालणे'पासून सावध राहायचं कारण शर्ट, बूट, टोपी तिन्ही आपण घालतोच आणि तिथेच गोची होते. अजून एक फायदा म्हणजे 'तिने लाल शर्ट घातलाय' यातलं 'घातलाय' म्हणजेच किते इरु, घालून झालंय आणि अंगावर आहे, घालायची क्रिया चालू आहे असं नाही. इंग्लिशमधून गेलात तर हे लक्षातच येत नाही.

काढायचं असेल तेव्हा किरु, हाकु, काबुरुवाल्या गोष्टी नुगु आणि चष्मा, घड्याळ, अंगठी हाझुसु. पाठ करताना मी हीच जोडी धरते.

सगळ्यांना पुरेल असा एक शब्द आहे म्हणा, चाकुयो. हेल्मेट चाकुयो, मास्क चाकुयो, सीटबेल्ट चाकुयो. पण तो पाट्यांवरचा नि नियमावलीचा, मैत्रिणीशी बोलताना वापरलात तर नोटीस वाचल्यासारखं वाटेल.

आणि पुण्यात ट्रान्सलेशनचं काम करणार असाल तर हे नक्की बघा, मशीनच्या मॅन्युअलमध्ये 'वेअर' आला तर तो बहुतेक वेळा कपड्यांचा नसतोच, पार्टची झीज असते, तिथे मामो. बुटाचा तळ झिजला तर सुरिहेरु. डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलला की ब्रेक पॅडला कपडे चढतात 😅

शंका आली की नुसतं इंग्लिश शब्द शोधू नका, जपानी नाम घ्या आणि त्याच्यापुढे 'ओ' (कर्म दाखवणारा प्रत्यय) लावून कोणतं क्रियापद येतं ते चुनागोनवर (खऱ्या जपानी मजकुरांत शब्द शोधायची वेबसाइट) बघा, नुसतं रजिस्ट्रेशन करावं लागतं, फुकट आहे.