रझांचं ‘नागपूरच्या दिवसांतलं’ चित्र: आधी चित्राची पाठ बघा

ताई, धंतोलीतल्या ओळखीच्यांकडे चित्रकार सय्यद हैदर रझांचं १९४२ चं निसर्गचित्र आहे, सोबत प्रमाणपत्रही आहे, आणि ‘मोठमोठी संग्रहालयं फसतात तिथे आपल्याला काय कळणार’ असं तुम्ही विचारलंय. नागपूरच्या महाल भागात तीस वर्षं चित्रांना फ्रेमा करतोय, म्हणून सांगतो: इसाराचे पैसेसुद्धा देऊ नका.

संग्रहालयं फसतात ती नजर कच्ची असते म्हणून नाही. जे सापडावं असं जाणकाराला मनापासून वाटत असतं, नेमकं तेच त्याच्यापुढे ठेवलं जातं. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याने तरुणपणी बायबलमधले प्रसंग आणखी रंगवले असतील, असा अभ्यासकांचा तर्क होता. हान फान मेगेरेन या नकली चित्रं करणाऱ्या डच चित्रकाराने तसंच चित्र करून दिलं. सतराव्या शतकातला खरा कॅनव्हास घेतला, रंगात बेकेलाइट या कडक प्लास्टिकचा मालमसाला घातला आणि चित्र भट्टीत भाजलं. तैलरंग पुरता कडक व्हायला कित्येक दशकं लागतात. ताज्या रंगावर अल्कोहोलचा बोळा फिरवला की तो सुटतो. याचा सुटेना. भेगांमध्ये जुना मळ दिसावा म्हणून शाई भरली होती. १९३७ साली ब्रेडियससारख्या ८२ वर्षांच्या मान्यवर तज्ज्ञाने चित्र खरं ठरवलं आणि पाच लाखांहून जास्त गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मोजून ते नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात गेलं. १९४५ मध्ये नाझी नेता गोरिंगला ‘व्हर्मीर’ विकल्याबद्दल मेगेरेनला पकडलं, तेव्हा त्याने स्वतःच सगळं कबूल केलं. तोवर कोणाला पत्ता नव्हता.

आता रझा. ते १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. त्यांच्या नंतरच्या चित्रांतला तो मोठा गोल, बिंदू, कोणीही ओळखेल, पण विशीतल्या रझांचा हात कसा होता हे किती जणांना ठाऊक आहे? हीच ती रिकामी जागा. त्यात आपण नागपूरकर. आपल्या गावात रझांचं चित्र निघावं असं मलाही फार वाटतं, म्हणून तर जास्त जपायचं. २००९ मध्ये दिल्लीत रझा स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तर भिंतीवर त्यांच्या नावाची नकली चित्रं होती.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक ‘१९४२ चं’ जलरंगातलं चित्र आलं. मूळ फ्रेम कधी उघडलीच नाही, असं मालक सांगत होते. मी ते उलटं केलं. मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी, चहात बुडवल्यासारखी सगळीकडे सारखी तपकिरी. जुना कागद असा पिकत नाही, त्याच्या कडा आधी करपतात. चिठ्ठीवरच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र’ आणि खाली सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि १९४२ मध्ये नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. मग नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च चित्राच्या कागदावर मारला. कागद निळसर पांढरा चमकला. ती चमक देणारी रसायनं कागदात यायला लागली १९५० च्या सुमारास. मालक बराच वेळ ते चित्र तसंच उलटं धरून उभे होते.

पण कागद चमकला नाही म्हणून चित्र खरं ठरत नाही. जुन्या वहीखात्यांतली कोरी पानं आजही मिळतात. रंगाची तपासणी प्रयोगशाळेतच होते: जर्मनीतला नकली चित्रं करणारा बेल्ट्राकी सापडला तो १९१४ च्या म्हणून विकल्या गेलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला म्हणून. तो रंग तेव्हा बाजारात आलेलाच नव्हता.

प्रमाणपत्राचं मला काही विशेष वाटत नाही. इंग्लंडमध्ये नकली चित्रं विकणाऱ्या जॉन ड्रूने लंडनच्या टेट संग्रहालयाच्या दप्तरातच खोटे कागद नेऊन ठेवले होते. तुम्ही एवढंच विचारा: १९४२ पासून आजवर हे चित्र कोणाकोणाच्या घरी होतं, आणि त्या घरातला एखादा जुना फोटो आहे का, ज्यात ते भिंतीवर दिसतं? नंतर त्यांच्यासमोरच फ्रेम उघडायला सांगा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. उघडली तर पाठीचे आणि कडांचे फोटो तिरप्या उजेडात काढून इथे टाका, मी बघतो. पुढच्या बाजूचा फोटो सध्या नको.