भांडवलशाही असताना सामाजिक लोकशाही यशस्वी होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ती भांडवलशाहीच्याच जिवावर होते. सामाजिक लोकशाही म्हणजे कारखाने खासगीच ठेवून, करांच्या पैशातून सगळ्यांना आधार देणारी व्यवस्था. नफाच नसेल तर कर कशावर बसवणार? 'दोघींचं मूळचंच वैर नाही का?' असं तुम्ही विचारलंय. आहे की! स्वीडनने ते मिटवलं नाही, भांडायचे नियम तेवढे ठरवून घेतले. 1938 साली साल्टशोबाडेन इथे कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात करार झाला. सरकारने मध्ये पडू नये, हे दोघांनाही हवं होतं. म्हणून आजही तिथे किमान वेतनाचा कायदा नाही, पगार हे दोघेच आपसात ठरवतात.

मला खरी हुशारी दिसते ती रेन आणि माइडनर या युनियनच्याच दोन अर्थतज्ज्ञांनी 1951 मध्ये मांडलेल्या योजनेत. एका कामाला सगळीकडे सारखा पगार, कंपनीला परवडो न परवडो. ज्या कारखान्याला तो झेपणार नाही, तो खुशाल बंद पडू दे. कामगाराला मात्र सरकारने नवं काम शिकवायचं, लागलं तर दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायला मदत करायची. तेजीतल्या कंपन्यांना जास्त पगार मोजावे लागत नसत, त्यामुळे विस्ताराला पैसा उरायचा. म्हणजे कारखाना मरू द्यायचा, माणूस नाही. आपल्याकडे 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि कामगारांचं काय झालं ते लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारा.

श्रीमंतांना पिळून हे चालतं असं मलाही वाटायचं. पण तिथे बहुतेक वस्तूंवर 25 टक्के व्हॅट आहे, तो गरीबही भरतो. संपत्ती कर तर 2007 मध्येच रद्द झाला.

मर्यादाही आहे. नफ्याचा काही भाग शेअर्सच्या रूपाने कामगारांच्या निधीत जावा, अशी योजना पुढे याच माइडनरने मांडली. ऑक्टोबर 1983 मध्ये स्टॉकहोममध्ये त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. चक्क मालकांचा मोर्चा! कायदा पातळ करून झाला, आणि 1991 ला सरकार बदलल्यावर ते निधी गुंडाळले गेले. कर कुरकुरत का होईना देतात, मालकीला हात लावू देत नाहीत.

बाकी जोर आहे तो संघटनेत. सुमारे दोन तृतीयांश कामगार युनियनमध्ये आहेत. टेस्लाने स्वीडनमध्ये सामूहिक करारावर, म्हणजे युनियनशी पगार आणि अटी ठरवणाऱ्या करारावर, सही नाकारली, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये तिचे मेकॅनिक संपावर गेले. पाठोपाठ गोदी कामगारांनी तिच्या गाड्या उतरवायचं नाकारलं आणि टपालवाल्यांनी नंबर प्लेटा पोचवायचं थांबवलं.